चौरंगाच्या पलीकडे बसणारा

मित्रांनो, मी यमनच्या हराझ डोंगरातला एक जुना, हाताने लिहिलेला धर्मग्रंथ आहे, आणि आधीच सांगून टाकतो, मी वैतागलेला आहे. जुने ग्रंथ शांत आणि समजूतदार असतात असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल, तर त्याने कोनाड्यात पडून कधी दिवस काढलेले नाहीत.

एका लेखनिकाने चौदा महिने खपून मला लिहिलं. शाई तो स्वतः घोटायचा आणि एक अक्षर चुकलं तर दिवसभर जेवायचा नाही. अक्षरं त्याने मुद्दाम ठसठशीत काढली, कारण आमच्या गावात यहुद्यांची घरं थोडी, कर्ते पुरुष जेमतेम दहा, आणि ग्रंथ मी एकटा. प्रार्थनाघरात धर्मशास्त्र लिहिलेली कातड्याची गुंडाळी आहे, पण ती पेटीत असते. ती काढायला दहा पुरुष हजर लागतात, एक कमी असला तरी चालत नाही. बाकी सगळं पठण माझ्यावर व्हायचं.

शब्बाथच्या, म्हणजे आमच्या पवित्र शनिवारच्या दुपारी मला चौरंगावर मधोमध उघडत आणि माणसं चारही बाजूंनी सतरंजीवर बसत. समोर बसणाऱ्याला मी सुलटा दिसे, बाजूच्यांना आडवा, पलीकडच्याला उलटा. लहानपणी ज्याला जिथे जागा मिळाली, तिथूनच वाचायला त्याचे डोळे तयार झाले. अवाद कुंभाराचा बाप लवकर गेला. पोरक्या पोराला कोण पुढे बसवणार? तो पलीकडे बसला आणि चाळीस वर्षं तिथूनच वाचत राहिला.

आणि काय वाचायचा! आठवडाभर माती तुडवून, गिऱ्हाइकांची बोलणी खाऊन ही माणसं आंबलेल्या चेहऱ्याने यायची. अवाद पहिली ओळ उचलायचा. त्याचा श्वास संपला की दुसरा ती पुढे न्यायचा, मग तिसरा. समुद्र दुभंगून लोक पार झाले तो भाग आला की म्हातारेसुद्धा गुडघ्यांवर ताल धरायचे. मग कॉफीच्या सालांचा काढा आणि भाजलेले हरभरे. उठताना प्रत्येक जण आंघोळ करून आल्यासारखा हलका असायचा. चारी बाजूंचे श्वास माझ्या पानांवर पडत, आणि मला तेव्हा फार बरं वाटे.

मग सईद सोनाराच्या मेव्हण्याने एडनहून गाढवावर लादून बारा छापील ग्रंथ पाठवले. गाव हरखून गेलं. पिन्हास गुरुजींनी मला फडक्यात गुंडाळून कोनाड्यात ठेवलं आणि म्हणाले, आता विश्रांती घे. विश्रांती कशाला? मला काय ताप आला होता?

पुढच्या शब्बाथला प्रत्येक जण आपापला ग्रंथ घेऊन आपापल्या भिंतीला टेकला. कोणी दोन पानं पुढे, कोणी एक मागे, कोणी चक्क पेंगत होता. शेजाऱ्याला दिसावं म्हणून मान बाजूला घ्यायची कोणाला गरजच उरली नाही. अवादने सवयीने ग्रंथ फिरवून उलटा धरला. सईद हसला.

"अरे अवाद, सुलटा धर. जग सरळ आहे, तूच तेवढा उलटा."

सगळे हसले. गुरुजी हसले नाहीत, पण म्हणाले, "पवित्र ग्रंथ उलटा धरू नये बाबा. अपमान होतो त्याचा."

माझ्या पलीकडे तो बसायचा तेव्हा उलटा कोणीच नसे, मी नाही आणि तोही नाही. आता त्याने ग्रंथ मुकाट्याने सुलटा केला आणि तिसऱ्याच शब्दाला अडखळला. ओळखीच्या अक्षरांनी त्याला ओळख दाखवली नाही. ग्रंथ मिटून तो उठला. मला कोनाड्यातून ओरडावंसं वाटलं, पण फडक्यात बांधलेल्याचं कोण ऐकतो?

दोन शब्बाथ तो आला नाही. उरले नऊ, त्यामुळे पेटीतली गुंडाळीही निघाली नाही. बारा ग्रंथ आणि नऊ माणसं एकमेकांकडे बघत बसली.

शुक्रवारी दुपारी अवादची बायको बद्रा प्रार्थनाघर झाडायला आली, तेव्हा गुरुजींनी तिला गाठलं. नवऱ्याला समजाव म्हणाले, महिनाभरात येईल सुलटं वाचायला, तोवर नुसतं येऊन बसायला काय हरकत आहे?

बद्राने केरसुणी खाली ठेवली.

"म्हणजे गुरुजी, तुम्हाला दहावा हवाय. अवाद नकोय."

ती एवढ्यावर थांबली नाही.

"घरी तो मला सांगतो, मला वाचता येत नाही, चाळीस वर्षं मी सगळ्यांना फसवलं. सकाळी चाकावर बसतो आणि मातीला हातही लावत नाही. तुम्हीच सांगा, तो वाचायचा ते काय होतं?"

ती गेल्यावर गुरुजींनी मला खाली काढलं. मित्रांनो, माझी पानं आनंदाने फुलली. त्यांनी मला चौरंगावर उघडलं, आणि मग ते पलीकडे जाऊन बसले, अवादच्या जागी. बोट ठेवलं. ओठ हलवले. गावाला अक्षरं शिकवणाऱ्या त्या माणसाला एक ओळ लागेना. "मीही अडाणीच," असं पुटपुटून त्यांनी मला परत गुंडाळलं, पुन्हा कोनाड्यात ठेवलं आणि ते भट्टीकडे निघाले. माझा किती संताप झाला, ते लिहायला माझ्यात कोरं पान नाही.

भट्टीवर काय झालं ते बद्राने नंतर प्रार्थनाघराच्या पायरीवर शेजारणीला सांगितलं, म्हणून मला कळलं. गुरुजी मातीत बसले आणि म्हणाले, "तुझ्या जागेवरून मला एक अक्षर वाचता आलं नाही. उद्या ये. मला शिकव."

शब्बाथच्या दुपारी गुरुजींनी चौरंग मधोमध मांडला आणि त्यावर छापील ग्रंथांपैकी एक उघडला. बाकीचे अकरा मिटून ठेवले. होय, छापील! मी इथे असताना! पण त्याची अक्षरं मुंगीएवढी, त्यामुळे सगळ्यांना पुढे सरकावं लागलं, गुडघ्याला गुडघा लागला, पगडीला पगडी. पलीकडची जागा रिकामी होती. गुरुजी थांबले. कोणीच सुरुवात केली नाही.

दारात अवाद उभा होता. तो आत येऊन पलीकडे बसला. शेजारी गुरुजी येऊन टेकले. थोड्या वेळाने सईद सोनारही उठला आणि अवादच्या दुसऱ्या बाजूला बसला. अवादने ओळ उचलली. सईदने ती पुढे न्यायचा प्रयत्न केला आणि दुसऱ्याच शब्दाला पार कोलमडला. कोणी हसलं नाही. अवादने हळूच बोट त्या शब्दावर ठेवलं, तो शब्द म्हटला, सईदने मागोमाग म्हटला, आणि मग सगळं प्रार्थनाघर एका आवाजात पुढे निघालं. बद्रा बाहेर पायरीवर बसून डोळे पुसत होती.

मी अजून कोनाड्यातच आहे आणि अजून चिडलेलाच आहे. पण दर शब्बाथला त्या आवाजाने माझी पानं फडक्याच्या आत थरथरतात. म्हणून मित्रांनो, एक मागणं आहे. जुना ग्रंथ दिसला की धूळ झटकायला धावू नका. आधी कुठलाही एक ग्रंथ मधे उघडा, आणि पलीकडे बसलेल्याला दिसतंय का, ते त्याला विचारा.