चरबी न काढलेलं सीरम

चिमीने सूक्ष्मदर्शकावरून डोळे काढले, चष्मा पुसला आणि परत पाहिलं. पेशी जिवंत होत्या. नुसत्या जिवंत नाहीत, ताटलीभर ऐसपैस पसरल्या होत्या.

प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशी वाढवण्यात तिची वीस वर्षं गेली होती. गेले चार महिने एकच प्रयोग चालू होता. या पेशी जगायला लागणारं कोलेस्टेरॉल स्वतःच बनवतात. ते बनवणं एका साध्या गोळीतल्या औषधाने बंद पाडायचं. दर खेपेला पेशी पटापट मरत. चिमी इतकी हरखली, की एकदा जेवताना दादापुढे तिने फुशारक्याही मारल्या. आणि दादाच्या पोटात कॅन्सरची गाठ होती.

मग आज काय बिघडलं? तिने फ्रिज उघडला आणि बाटल्यांवरची लेबलं पाहिली. शुक्रवारी घाईत तिने भलतीच बाटली उचलली होती. पेशींना द्यायचं असतं चरबी काढलेलं सीरम, म्हणजे रक्तातला पातळ द्रव; तिने दिलं होतं साधं. औषधाने घरची चूल बंद केली, तर या पठ्ठ्यांनी बाहेरून मागवून खाल्लं! आणि माणसाच्या रक्तातली चरबी कोण काढून ठेवतं? दर आठवड्याला ते लेबल वाचूनही हे डोक्यात शिरलं नव्हतं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली तिला.

तिने दादाला फोन लावला.

"चिमे, तुलाच करणार होतो! रिपोर्ट आला. कोलेस्टेरॉल निम्म्यावर!"

"तू... ती गोळी घेतोयस?"

"दोन महिने झाले. तूच म्हणालीस ना, गाठ उपाशी मरते."

"ऑपरेशन सर्जनने पुढे ढकललं म्हणालास?"

"मीच ढकललं. फुकट पोट कशाला फाडून घ्यायचं?"

"आणि गाठ?"

"हाताला जरा मोठी लागते. मरताना फुगत असेल, नाही का?"

काही न लपवता चिमीने सगळं सांगून टाकलं, रडत रडत, माफी मागत. सायकल शिकवण्यापासून नोकरीच्या अर्जापर्यंत, काय करायचं ते आजवर दादाच तिला सांगत आला होता.

"चिमे," तो म्हणाला, "मग आता मी काय करू गं?"