न मागता मिळालेली पंचवीस मिनिटं

हजेरीच्या कागदावर रोलांडाच्या नावापुढे ‘आठ’ लिहिलेलं होतं, आणि ती धापा टाकत वर्गात शिरली तेव्हा आठ वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. आता बोला!

असं होण्याचा हा तिसरा मंगळवार. पाळणाघर साडेसातला उघडायचं, त्याआधी धाकटीला ठेवणार कुठे? पुढची बस यंगस्टाउन शहराचं सगळं बर्फ तुडवत रडतखडत यायची. इकडे सरकारी मदत टिकवायची तर नर्सच्या मदतनिसांच्या या वर्गात आठवड्याला तीस तास भरायलाच हवेत. तास कमी पडले की मदत बंद, वर्गही बंद. आणि परीक्षा अवघ्या दोन आठवड्यांवर!

कागदावरचा तो ‘आठ’ बघून एखादी खूश झाली असती. रोलांडाच्या मनात मात्र पाल चुकचुकली. फुकट काही देणारं ऑफिस तिने जन्मात पाहिलं नव्हतं. तिच्या बहिणीला असंच एका चुकीच्या कागदात अडकवलं, ‘सरकारला फसवलं’ म्हणून ठपका ठेवला आणि पोराबाळांच्या तोंडचे, सरकारी धान्याचे फूड स्टॅम्पही काढून घेतले. दुधाने पोळलेलं घर ते, ताकही फुंकूनच पिणार.

दाराजवळ बर्नडीन बसायची. पन्नाशी उलटलेली, नातवाला सांभाळणारी, भारी चौकस बाई.

“आज पण बस चुकली का गं पोरी?”

“तुम्हाला काय करायचंय, मिस बर्नडीन?”

“अगं बाई! विचारलं तर चावतेस की काय!”

ही बया ऑफिसची खबरी तर नसेल? रोलांडाचं वर्गात लक्ष लागेना. जेवणाच्या सुट्टीत ती तडक वर ऑफिसात गेली आणि हजेरी तपासणाऱ्या मिस्टर पेट्रींच्या टेबलासमोर उभी राहिली.

“माझ्या नावापुढची वेळ मी लिहिलेली नाही, साहेब. उद्या माझ्यावर शेकायला नको, म्हणून आजच सांगते.”

पेट्रींनी कॉम्प्युटर तिच्याकडे वळवला. दारावरच्या कॅमेऱ्यातलं सकाळचं चित्र होतं. बर्नडीनने चष्मा नाकावर ओढला, स्वतःची वेळ लिहिली, मग बाहेर डोकावून पाहिलं आणि खालच्या, रोलांडाच्या ओळीत पुन्हा तेच लिहिलं.

पेट्रींनी चित्र तिथेच थांबवलं.

“तुम्ही सांगितलं होतं तिला?”

“नाही हो!”

“मग तसं लिहून द्या, तिच्या नावानिशी. नाहीतर दोघींनी मिळून केलं असं धरावं लागेल.”

“तिचं काय होईल?”

“तुम्ही तुमचं बघा, मॅडम.”

तिने स्वतःचं बघितलं. लिहिलं, सही केली. स्वतःची एवढी किळस तिला कधी आली नव्हती.

ती खाली आली तेव्हा दुपारचा वर्ग केव्हाच सुरू झाला होता. बर्नडीनने शेजारची खुर्ची ओढून दिली.

“होतीस कुठे? एकची हजेरी लावून टाकलीय मी तुझी.”

“तुम्हाला कुणी सांगितलं होतं हे उपद्व्याप करायला?” रोलांडा केवढ्याने तरी ओरडली. सगळा वर्ग वळून बघायला लागला.

“हळू बोल गं,” बर्नडीन कुजबुजली. “माझ्या लेकीचं दहा मिनिटांच्या उशिरापायी सगळं गेलं. तुझं नको जायला.”

तेवढ्यात दार उघडलं आणि मिस्टर पेट्रींनी बर्नडीनला नावाने हाक मारली.

“बघ, ओरडलीस ना,” असं म्हणत ती उठली. “पण घाबरू नकोस. तुला काही माहीत नव्हतं, असंच सांगते मी त्यांना.”