मालकिणीचा दाखला

चिमीचं हे वागणं आजीला मुळीच खपलं नाही. परदेशात एवढं मोठं शिकायला गेलेली पोर, आणि मुलाखतीत म्हणे काय, "मी आजवर कुठलंच काम केलेलं नाही."

"असं म्हणालीस?" आजीने इस्त्री उभी करून ठेवली. लॉन्ड्रीत गिऱ्हाईक नव्हतं. मोबाइल स्टार्चच्या डब्याला टेकवलेला, त्यात नातीचं रडवेलं तोंड.

"फॉर्मात रकाना होता, आधी कुठे काम केलं. मी कोरा सोडला, विचारलं तर तेच सांगितलं. कॉलेजच्या ग्रंथालयाचा एक चष्मेवाला साहेब, त्याने पाऊण तास बाहेर ताटकळत ठेवलं आणि चार मिनिटांत उरकलं. म्हणाला, अनुभव नाही, कळवू. ही चौथी मुलाखत, आजी. या महिन्यात कॉलेजात काम लागलं नाही, तर पैसे पुरणार नाहीत, शिक्षण अर्धवट टाकून परत यावं लागेल."

"आणि सहा वर्षं माझ्या दुकानात काय माशा मारत होतीस?"

"ते घरचं गं. घरचं काम कुणी सांगतं का?"

हे आजीच्या वर्मी लागलं. शाळा सुटली की चिमी गल्ल्याशेजारी बसून प्रत्येक कॉलरला नंबराची चिंधी टाचायची. सहा वर्षांत एकाचा सदरा दुसऱ्याच्या अंगात गेला नव्हता.

आजीने वहीचं पान टरकावलं. तिची शाळा चौथीतच सुटलेली. अक्षरं दोरीवरच्या कपड्यांसारखी, एक वर, एक खाली. तिने लिहिलं, "ही मुलगी माझ्याकडे सहा वर्षं कामाला होती. एक रुमाल हरवला नाही. गिऱ्हाइकाला उलट बोलली नाही. मला बोलली." खाली सही, वर दुकानाचा शिक्का. फोटो काढून पाठवला.

"आजी, हे इथे कोण वाचणार?"

"तू वाच आणि त्यांच्या भाषेत सांग. तोंड दिलंय ना देवाने?"

दोन दिवस फोन गप्प. आजीने एक चांगली चादर करपवली. तिसऱ्या दिवशी चिमी दिसली, मागे पुस्तकांच्या रांगा.

"त्या चष्मेवाल्याकडे परत गेले होते! म्हणाला, मुलाखती संपल्या. मी दारातून हललेच नाही. म्हटलं, माझ्या मालकिणीचा दाखला दाखवायचा राहिलाय. 'मला बोलली' ऐकून हसला मेला. मग परत आलेल्या पुस्तकांची गाडी पुढ्यात ढकलली, म्हणाला, लावून दाखव. प्रत्येकाच्या पाठीवर नंबर, आजी, आपल्या चिंध्यांसारखे! अर्ध्या तासात गाडी रिकामी."

"मग?"

"उद्यापासून ये म्हणाला."

आजीने पदराने मोबाइलची काच पुसली, मग उगाच स्वतःचं नाकही.

"बरं झालं. आता ऐक. तो चष्मेवाला उद्धट खरा, पण चूक तुझी. ज्या दुकानाने तुला विमानात बसवलं, त्याचं नाव घ्यायला तुला लाज वाटली. पुन्हा कुणी विचारलं तर आधी लॉन्ड्री सांगायची, मग कॉलेज. नाहीतर दाखला परत घेईन, सांगून ठेवते."