मातीला पाठ

दिघीच्या तालमीची किल्ली कोंडाजी वस्तादाच्या करगोट्याला बांधलेली असायची, आणि तिला हात लावून बघितल्याशिवाय हा माणूस घराबाहेर पाऊल टाकत नसे. बायको हरवली असती तर त्याला चार दिवसांनी कळलं असतं, किल्ली हरवलेली तिथल्या तिथं कळली असती. त्याचंही बरोबरच होतं म्हणा. किल्ली ज्याच्या कमरेला तो वस्ताद, आणि वस्तादाला विचारल्याशिवाय गावातला पैलवान लग्नाच्या मुंडावळ्यासुद्धा बांधत नसे.

आता तीच किल्ली जायची वेळ आली होती. वस्तादाच्या खास चेल्याला, मुरारीला, भोसरीच्या जत्रेत आकुर्डीच्या भिमाजीनं लागोपाठ दोन सालं पाडलं होतं, आणि तेही एकाच डावावर. एकेरी पट म्हणतात त्याला. भिमाजी खाली घुसायचा, मुरारीचा एक पाय उचलायचा, आणि एवढा थोरला गडी दुसऱ्या पायावर लंगडी घालत घालत धाडकन पाठीवर आपटायचा. बघणाऱ्यांना हसू आवरत नव्हतं. तेव्हा पाटलांनी चावडीवर सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "कोंडाजी, औंदा मुरारी पडला तर किल्ली बाळाजीला द्यायची. आमालाबी गावोगाव तोंड दाखवायचं असतं."

बाळाजीचं नाव ऐकलं आणि वस्तादाच्या मस्तकात तिडीक गेली.

हा बाळाजी त्याचाच चेला. मिसरूड फुटल्यावर पलटणीत भरती झाला, तिथं गुडघा मोडून घेतला, आणि डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा लोणावळ्याकडच्या कुठल्याशा आश्रमात राहून आसनं करून तो गुडघा त्यानं परत चालता केला. पिंपरीला औषधाचा कारखाना उभा राहत होता त्या सुमारास तो गावी आला, तो हे खूळ डोक्यात घेऊनच. जोर-बैठका बंद करा असं तो कधी म्हणाला नाही, खोटं कशाला बोला. त्याचं म्हणणं एवढंच, की जोर काढून झाले की सांधे ताणून सैल करायचे, एका पायावर उभं राहून तोल धरायला शिकायचं, आणि शेवटी अंग ढिलं सोडून घटकाभर उताणं पडायचं.

"मुरारीत बळ लई हाय, वस्ताद," तो भर तालमीत म्हणाला, "पर अंग लवत न्हाई. मग त्याचं बळच त्याला पाडतं."

"मला शिकवतोस व्हय रं?" कोंडाजी म्हणाला. "पैलवान घडवायचाय का सर्कशीतलं माकड? एका पायावर बगळा उभा ऱ्हातो. त्याला कुणी फेटा बांधलेला मी तरी बघितला न्हाई."

पोरं फिदीफिदी हसली. बाळाजी हसला नाही. तो म्हणाला, "तुमी भिंतीला हात न लावता, एक पाय उचलून धोतर नेसून दाखवा. मग मी तोंड उघडायचा न्हाई."

झालं. घाव वर्मी बसला होता, कारण कोंडाजीला ते जमत नव्हतं. धोतर नेसताना तो खुंटीला धरायचा. मांडी घालून बसता येत नव्हतं, म्हणून ओट्यावर पाय सोडून, ताट मांडीवर घेऊन जेवायचा. मागून हाक आली तर मान वळायची नाही, सगळा माणूस वळायचा. आणि पायात वहाणा घालायला बायकोला, कुशाबाईला, खाली बसावं लागायचं. विचारलं तर म्हणायचा, अंग भरलंय. कसलं भरलंय, लाकूड झालं होतं लाकूड. घरातली ही गोष्ट घरात होती. बाळाजीनं ती नुसतं बघून ओळखली आणि चारचौघांत मांडली, हे वस्ताद त्याला जन्मात माफ करणार नव्हता.

त्या दिवसापासून त्यानं मुरारीला धारेवर धरलं. जोर वाढवले, बैठका वाढवल्या, गळ्यात दगडी चाक अडकवून आखाड्याला फेऱ्या घालायला लावल्या. मुरारी बिचारा सांगितलं तेवढं करायचा. पण छाती-मांड्या फुगतील तसा तो अजूनच ताठत चालला. एकदा तालमीतून सुट्टी घेऊन वस्तादाच्या घरी पाया पडायला आला, तर त्याला नीट वाकता येईना. कुशाबाईनं ते बघितलं. तो गेल्यावर ती म्हणाली, "अवो, तुमी त्याला तुमच्यावाणीच करून ठेवलाय. अशानं दुसऱ्यानं पाडायची तरी गरज हाय का?"

"बायकांनी तालमीतलं बोलू न्हाई," वस्ताद म्हणाला. मग तिनंच पुढं केलेल्या वहाणांत पाय घालून तो बाहेर पडला.

जत्रा आठवड्यावर आली तेव्हा कुणीतरी कानाला लागलं, की मुरारी तालीम झाली की परस्पर बाळाजीच्या खळ्यावर जातो. कोंडाजी तडक निघाला. खळ्यावर पोचला तर मुरारी घोंगडी अंथरून उताणा पडलेला, डोळे मिटलेले, हातपाय सैल टाकलेले. शेजारी बाळाजी राखणीला बसल्यासारखा बसलेला.

आता दिघीच्या तालमीचा एक कायदा होता, वस्तादाच्या वस्तादापासून चालत आलेला. पैलवानानं आपण होऊन मातीला पाठ लावायची नाही. लावलीच तर ती दुसऱ्यानं, अंगावर बसून. तालमीत मुक्कामाला असलेले गडी झोपायचेसुद्धा कुशीवर, आणि झोपेत कुणी उताणा झालाच तर शेजारचा त्याला लाथ घालून वळवायचा. असल्या तालमीचा पहिल्या नंबरचा गडी दिवसाढवळ्या, आपल्या मर्जीनं, पाठ टेकून पडला होता. कोंडाजीच्या डोळ्यांपुढं अंधारी आली.

"ऊठ," तो म्हणाला.

मुरारी धडपडत उठला. "घोंगडी हाय, वस्ताद. मातीला लागली न्हाई पाठ. मी मुद्दाम घोंगडी टाकली."

"आन घोंगडीखाली काय तुझ्या बापानं सोनं पुरलंय का? मातीच हाय न्हवं?"

"एकदा बघा तरी," मुरारी काकुळतीला आला. "मी आता एका पायावर उभा ऱ्हातो. कुणी ढकललं तरी ऱ्हातो. जोर तुमचे सांगितल्यापरमाणं काढतोय, एक बी कमी न्हाई. त्याच्यावर हे करतोय."

बघितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण कोंडाजीला बघायचं नव्हतं. त्यानं घोंगडी पायानं उडवली. "आजपासनं तू माझा चेला न्हाईस. तालमीच्या उंबऱ्याला पाय लावलास तर तंगडी हातात देईन."

"मग जत्रंत कुणाच्या नावावर लढू?"

"मसणाच्या."

बाळाजी उठून मुरारीच्या पुढं उभा राहिला. "माझ्या नावावर लढंल," तो म्हणाला. "आन वस्ताद, ती घोंगडी उचलून झाडून ठिवा. तुमचा पाय लागलाय तिला."

कोंडाजी घोंगडी उचलणार कसा? त्याला वाकता कुठं येत होतं? आणि ते बाळाजीला पक्कं ठाऊक होतं. दात खात वस्ताद माघारी फिरला.

घरी कुशाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "म्हंजे आता पोरगा जिंकला तर ते बाळाजीचं. मग किल्ली राखायची तर तुमी कुणाच्या बाजूनं?"

याचा वस्तादानं विचारच केला नव्हता. रात्रभर कुशीवर पडून केला, तेव्हा सगळा मामला उलटा दिसायला लागला. मुरारी जिंकला तर किल्ली गेली. पडला तर मात्र ती बाळाजीच्या आसनांची फजिती, आणि पाटील कुठल्या तोंडानं त्याला किल्ली देणार? म्हणजे ज्याला स्वतःच्या हातानं तूप पाजून वाढवला, तो पडावा म्हणून आता देवाला नारळ बोलायचा. कोंडाजीनं तोही बोलला. जिभेला काही झालं नाही.

भोसरीच्या आखाड्याभोवती माणूस मावत नव्हतं. कडेला सोनबा हलगीवाला बसला होता. गेली कित्येक वर्षं त्याची एकच रीत. तोंडं तो बघायचा नाही, पाठी बघायचा. पाठ मातीला लागली की हलगीवर टिपरू पडायचंच, मग ती पाटलाच्या पोराची असो नाहीतर त्याच्या स्वतःच्या भावाची. गावोगावच्या वस्तादांना मातीत आतल्या अंगाला उभं राहायचा मान असे. कोंडाजी तिथं होता, वहाणा काढून, हात किल्लीवर ठेवून. बाळाजी पल्याडच्या अंगाला होता.

मुरारी आणि भिमाजीनं शड्डू ठोकले. भिमाजीनं वेळ घालवला नाही. त्याला डाव पाठ होता आणि गडीही पाठ होता. खाली घुसला, मुरारीचा उजवा पाय उचलून छातीला कवटाळला आणि रेटायला लागला.

"पड," कोंडाजी ओठातल्या ओठात म्हणाला. "पड की भडव्या."

मुरारी पडला नाही. लंगडीही घातली नाही. डाव्या पायाची बोटं मातीत रुतवून तो उभा राहिला, भिमाजी डावीकडं ओढायचा तर डावीकडं लवायचा, उजवीकडं ओढायचा तर उजवीकडं. माणसं हसायची थांबली. रेटून रेटून भिमाजीचा दम उखडला आणि पकड जराशी ढिली झाली. तेवढ्यात मुरारीनं त्याच डाव्या पायावर गिरकी घेतली, सगळं वजन भिमाजीच्या मानेवर टाकलं आणि त्याला खाली घेतला. आता मात्र कोंडाजीचे जोर कामाला आले. वर बसलेला मुरारी मग भिमाजीच्या बापाला हलला नसता. पाठ लागली, सोनबाची हलगी कडाडली, आणि दिघीकरांनी फेटे उडवले.

कोंडाजीच्या छातीत काहीतरी वर आलं होतं. ते कौतुक होतं, आणि ते कौतुक आहे हे कळल्यावर त्याला स्वतःचीच शिसारी आली.

मुरारी आला तो गर्दी सारत सरळ त्याच्याकडं. बाळाजीकडं गेला नाही. अंगाला माती, डोळ्यांत पाणी. पाया पडायला तो खाली वाकला, अगदी सहज, कंबरेतून दुमडून, जसा तो कधीच वाकला नव्हता. सगळा आखाडा बघत होता. वस्तादानं नुसतं उभं राहायचं होतं. बाकी काही करायचं नव्हतं.

पण ते वाकणं बघून त्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "हात लावू नगंस," तो म्हणाला, आणि त्यानं पाय मागं ओढून वर उचलला.

उचलला म्हणजे तो एका पायावर आला. धरायला खुंटी नव्हती, भिंत नव्हती, कुशाबाई नव्हती. गुडघा लवेना, कंबर लवेना. कोंडाजी वस्ताद होता तसा ताठच्या ताठ मागं गेला आणि मातीत उताणा पडला. पाठ पुरी लागली.

आणि सोनबाचं टिपरू पडलं. त्याचा तरी काय दोष? त्यानं पाठ बघितली, वाजवलं. मग वर तोंड बघितलं आणि हलगी पोटाशी धरून खाली मान घातली. आकुर्डीची माणसं खदाखदा हसत होती. दिघीचं कुणी हसलं नाही, ते कोंडाजीला जास्त लागलं.

त्यानं उठायचा जोर केला. मान उचलली जाईना, पाय हवेत नुसते हलले. मुरारीनं हात पुढं केला, तो त्यानं फटकारला. वर चैत्राचं ऊन होतं आणि कोरडं आभाळ. जन्मभर दुसऱ्यांना अस्मान दाखवलं, आज स्वतः बघत होता. त्यानं करगोट्याला हिसडा दिला आणि किल्ली तोडून पल्याडच्या अंगाला, बाळाजी होता तिकडं फेकली.

"घे," तो म्हणाला. "हलगी वाजली."

बाळाजी किल्लीकडं गेला नाही. तो वस्तादाच्या उशाशी येऊन उकिडवा बसला. "हात देत न्हाई, वस्ताद. तुमी घेणार न्हाई," तो हळू आवाजात म्हणाला. "आधी कुशीवर वळा. मग तळहात टेका, आन मग उठा. आमी असंच उठतो."

"तू शिकवणार मला?"

"मग ऱ्हावा पडून," बाळाजी म्हणाला. पण जागचा हलला नाही.

पुढची कुस्ती खोळंबली होती. पंच अवघडून उभे होते. कोंडाजी दात आवळून आभाळाकडं बघत राहिला, आणि मग दुसरा इलाज उरला नाही. त्यानं बाळाजीला आईवरून एक सणसणीत शिवी हासडली आणि कुशीवर वळला.