फर्स्ट शिफ्टचं अळू

आमच्या साहेबांचं आडनाव खरे, पण त्यांनी पॅकिंग हॉलमध्ये आणली ती झाडं खोटी. २००३ साली मुंबईहून कोणी सल्लागार आला आणि सांगून गेला, की हिरवं दिसलं की कामगाराचं मन रमतं. आम्ही खिडकी मागत होतो. साहेबांनी टेम्पोभर प्लॅस्टिक उतरवलं! वर हुकूम सोडला, खरी कुंडी आणायची नाही, माती सांडते, डास होतात.

लोट्याच्या एमआयडीसीतल्या त्या बंद डब्यासारख्या हॉलमध्ये दिवसभर खोकी चिकटवून माझ्या जोडीच्या रुबिनाचं डोकं रोज ठणकायचं. घर तिच्या पगारावर चालत होतं, तरी एक दिवस म्हणाली, "विमलाताई, ह्या महिन्यानंतर मी काय येनार नाय." मला त्या प्लॅस्टिकचा असा संताप आला! माझ्या न्हाणीमागे सांडपाण्यावर अळू माजलं होतं. पान इतकं तुकतुकीत, की वर पाणी ठरत नाही. प्लॅस्टिक तरी याहून वेगळं काय दिसतं?

एकेक कुंडी आम्ही गुपचूप बदलली. पण अळवालाही ऊन लागतंच, म्हणून त्यालाही शिफ्ट लावली. सकाळचं अळू दुपारी बाहेर सायकल स्टँडमागे, तिथलं आत. वॉचमन लवूचं तोंड अळूवड्यांनी बंद केलं. रुबिना जेवणाच्या सुट्टीत कुंडीपाशी बसायची, पानावर थेंब सोडून तो घरंगळवत राहायची. ठणका कमी झाला, नोकरी सोडायचं नाव निघेना. त्या आनंदात मला चेव चढला आणि साहेबांच्या केबिनमध्येही एक कुंडी सरकवली.

साहेब खूश. "प्लॅस्टिक असलं तरी फरक पडतो हं! माझी डोकेदुखी पळाली," असं येईल त्याला सांगत सुटले.

दिवाळीत केबिनला कुलूप लागलं आणि ती कुंडी आतच अडकली. सुट्टी संपल्यावर साहेब फोनवर दुकानदाराला झाडत होते, "गॅरंटी दिलीत ना? मग तुमचं प्लॅस्टिक पिवळं पडलंच कसं?"

पलीकडचा काय बोलला देव जाणे. साहेबांनी पान तोडलं, चीक बोटांना लागला, आणि ते खाजवत खाजवतच हॉलमध्ये आले.

"कोणी केलं हे?"

रुबिनानं माझा हात घट्ट धरला. नोकरी जायची तर माझी जावो, म्हणून मी पुढे झाले. "मी केलं, साहेब."

"सगळी उचला! आत्ताच्या आत्ता!" मग आवाज उतरवून म्हणाले, "माझ्या केबिनमधलं राहू दे. मला डोक्याचा त्रास आहे."

माझी जीभ मुळातच तिखट. "साहेब, डोकं आमालापन हाय."

कोणीतरी फिस्सकन हसलं. साहेब लालबुंद होऊन केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं.

तीनचा भोंगा झाला. आता काय व्हायचं ते होवो, म्हणून आम्ही रोजच्यासारखं अळू बाहेर काढलं. मागून साहेब आले. मान टाकलेली कुंडी त्यांनी स्वतः छातीशी धरली होती, शर्टाला माती लागली होती.

"याला जरा ऊन दाखवा," ते म्हणाले. "आणि याच्या बदलीवर दुसऱ्या शिफ्टला कोण आहे?"