टिपलं का?

तीन वर्षं मी या शाळेत हंगामी विज्ञानशिक्षिका होते. आज तपासनीस साहेबांनी माझा पाठ पाहून ‘ठीक’ लिहिलं तर कायम, नाहीतर सुट्टीनंतर घरी.

पाठ सोपा होता. स्पंज, वर्तमानपत्र, सुती कापड, प्लॅस्टिक. प्रत्येकाचा तळहाताएवढा तुकडा एक मिनिट पाण्यात बुडवायचा, उचलायचा आणि उरलेलं पाणी मोजून त्यानं किती टिपलं ते काढायचं. साहेबांपुढे गोंधळ नको म्हणून मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, आकडे कालच फळ्यावर लिहायला लावले होते. कापडापुढे होतं बारा मिलिलिटर. सकाळी त्यांनी माझा जुना तुकडाही उचलून टाकला. “साहेबांपुढे पोतेरं मांडता? हा कोरा घ्या.”

मी घेतला. कोऱ्या कापडाला खळ असते, ते पाणी लवकर टिपत नाही, हे मला ठाऊक होतं, तरी घेतला.

साहेबांची खुर्ची दाराला टेकवलेली. वर्गाला दुसरं दार नाही. मोठ्या बाई त्यांच्या मागे उभ्या.

“बाई, हे बुडतच नाहीये,” टाचणी म्हणाली. ही पहिल्या बाकावरची, काटकुळी, टोचून बोलणारी.

“पोहता येतं त्याला!” मागून कोणीतरी ओरडलं. वर्ग हसला.

मी कापड बोटानं दाबलं. ते पुन्हा वर आलं.

“वेळ होतोय हं, बाई,” मोठ्या बाई गोड आवाजात म्हणाल्या.

“टिपलं का सगळ्यांनी?” मी घाईनं विचारलं.

“कापडानं, की आम्ही?” टाचणी म्हणाली.

साहेबांनी हात लांब करून तिचीच वही घेतली. तक्त्यातल्या रकान्याला मी नाव दिलं होतं, ‘काय टिपलं?’ खाली तिच्या अक्षरात होतं: ‘कापडानं: जवळजवळ काहीच नाही. मी: बारा हा आकडा कालचा आहे, प्रयोग आज झाला.’

साहेबांनी चष्मा वर केला. “बाई, हिचं बरोबर की फळ्यावरचं?”

त्यांच्या खांद्यावरून मोठ्या बाई माझ्याकडे बघत होत्या. पापणीही लवत नव्हती. टाचणीही बघत होती. तिला उत्तर खरंच हवं होतं.

“फळ्यावरचं,” मी म्हटलं.

“मग दुरुस्त करून घ्या.” साहेबांनी वही परत दिली आणि स्वतःचा कागद पुढे ओढला. ‘ठीक’ लिहायला त्यांना फार वेळ लागला नाही.

टाचणीनं खोडरबर काढला.

“बाई, दोन्ही खोडू, की नुसतं कापडाचं?”