मागून आलेलं उत्तर

माझ्या बायकोचं, सिद्धेश्वरीचं, म्हणणं साधं होतं. "ती शववाहिका सोडा की आता. आपल्या संस्कृतीच्या वाढदिवसाला एकीचीबी आई पोरीला आपल्याकडं धाडत न्हाई. केक आपणच खातोय." ओळखीतल्या उदयसिंहाला त्याच्या शाळेच्या व्हॅनवर ड्रायव्हर हवा होता. एक दिवस सुट्टी काढली आणि चालवून तर बघू म्हटलं.

शववाहिकेवर मला तयार केलं ते आधीचे ड्रायव्हर महादेवप्पा यांनी. त्यांची एकच शिकवण होती, मागच्याला सांगत जायचं. खड्डा आला, वळण आलं, की म्हणायचं, "सांभाळा हं." मेलेल्याला काय कळतंय, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "त्याला न्हाय कळलं तरी तुजा पाय ब्रेकवर जातोय की." सोलापूरच्या रस्त्यांवर हे व्रत पाळायचं म्हणजे तोंडाला उसंत नाही. पण पाळलं.

व्हॅनमध्ये पोरांचा नुसता कालवा चालला होता. होटगी रोडला खड्डा दिसला आणि सवयीनं तोंडातून गेलं, "सांभाळा हं, खड्डा हाय."

"हो काकाऽ!" मागून सगळी एकदम ओरडली.

मी करकचून ब्रेक दाबला. इतक्या वर्षांत माझ्या मागून कुणी उत्तर दिलं नव्हतं. पोरांना तो खेळच वाटला. मग मीही खुळ्यासारखा नसलेले खड्डे सांगत सुटलो. खरं सांगतो, शाळा येऊच नये असं वाटत होतं. घरी गेल्यावर बायकोला हो म्हणायचं, हे मी तिथंच ठरवलं.

दुपारी एकेकाला सोडत शेवटी पहिलीतली धनलक्ष्मी तेवढी उरली. वळणावर मी म्हटलं, "सांभाळा हं." उत्तर नाही. पुन्हा म्हटलं. उत्तर नाही. मागं शांत झालं, तसं माझं डोकंही शांत झालं. हात आपले ओळखीच्या रस्त्यानं चालले. त्यात मला काहीच वावगं वाटलं नाही.

गाडी थांबवली तेव्हा समोर स्मशानाचं फाटक होतं. बसू नावाचा तिथला रखवालदार काचेशी वाकला. "काय शिवशरण, आज पिवळी गाडी? कुणाला आणलंस रं?"

मान वळवायचं धाडस होईना.

"काका," मागून झोपाळलेला आवाज आला, "माझं घर इथं नाही."

तिला तिच्या आईच्या हातात दिलं, उदयसिंहाला किल्ली दिली. सिद्धेश्वरीला एवढंच सांगितलं, जमलं नाही. ती ताटं वाढायला उठली. भांडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा शववाहिका. मागं एक म्हातारे गृहस्थ होते, नातलग मोटारसायकलींवरून येत होते. पुलाजवळ खड्डा आला. "सांभाळा हं," मी म्हटलं, आणि गाडी तिथंच थांबवून उत्तराची वाट बघत राहिलो.